वंशभेद आणि जातिभेदावर प्रकल्प करायचाय? कॉलेजच्या लायब्ररीतून सुरुवात कशी करावी

पदवी किंवा एम.ए.चा प्रकल्प 'भारतातील वंशभेद' असल्या विषयावर घेतला की तो हमखास बुडतो. कपाटं भरतील एवढी पुस्तकं निघतात आणि लिहायला हातात काही उरत नाही. म्हणून आधी विषय कापा. सोलापूरकराला त्यासाठी लांब जावं लागत नाही. शहरात 'सेटलमेंट' या नावाची वस्ती आजही आहे आणि त्या नावामागे एक कायदा आहे. इंग्रज सरकारने 1871 साली काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, 1911 आणि 1924 मध्ये तो कायदा वाढवला, आणि तो रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 रोजी. त्या जमातींना ज्या वस्तीत डांबून ठेवलं, ती सेटलमेंट. कायदा गेल्यावर या जमातींना 'विमुक्त' म्हणू लागले. रक्तातून गुन्हा येतो ही कल्पना वंशवादाचीच. 'सोलापूरच्या सेटलमेंटमधील मुलांचे शिक्षण, 1924 ते 1952' हा झाला विषय: एक जागा, एक प्रश्न, दोन साल.

शब्दांची यादी आधी, शोध नंतर

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ओपॅकवर (लायब्ररीच्या संगणकीय ग्रंथसूचीवर) 'विमुक्त' टाइप करायचं, दोन पुस्तकं दिसली की 'लायब्ररीत काहीच नाही' म्हणून परत फिरायचं. 1952 पूर्वीच्या कागदावर 'विमुक्त' हा शब्द सापडणार तरी कसा? तिथे 'क्रिमिनल ट्राइब्ज' किंवा 'गुन्हेगार जमाती' असंच लिहिलेलं असतं. पुढच्या काळात 'एक्स-क्रिमिनल ट्राइब्ज', 'डीनोटिफाइड ट्राइब्ज', 'हॅबिच्युअल ऑफेंडर्स' (सराईत गुन्हेगार) हे शब्द येतात. वहीच्या एका पानावर साल आणि त्या काळचा शब्द असे दोन रकाने आखा. जमातींची नावंही त्यातच लिहा: कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, वडार. प्रत्येकाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन तरी असतात. सोलापूरचंसुद्धा जुनं स्पेलिंग एसनंतर एच लावून आहे. ते टाकल्याशिवाय जुने अहवाल दिसतच नाहीत.

मराठी पुस्तकांची नोंद कुठे देवनागरीत असते, कुठे रोमन लिपीत. दोन्ही करून पाहा.

कपाटापर्यंत जा

लायब्ररीत पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायची ड्यूई पद्धत असेल तर 305.8 खाली वांशिक गट, 305.5122 खाली जातिव्यवस्था आणि 364 खाली गुन्हेगारी येते. तुमचा विषय या तिन्हींत विखुरलेला असतो, शिवाय महाराष्ट्राच्या इतिहासाच्या 954.792 मध्येही. ओपॅकवर एक नेमकं पुस्तक सापडलं की त्याचा वर्गांक, म्हणजे हा विषयाचा आकडा, टिपा, कपाटापाशी जा आणि त्याच्या डावी-उजवीकडची पुस्तकं काढून शेवटची सूची पाहा. विमुक्तांवरची पुस्तकं 364 मध्ये का ठेवली गेली, हाही प्रकल्पात लिहिण्याजोगा मुद्दा आहे.

संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत. वही घेऊन जा, झेरॉक्सची परवानगी आधी विचारा.

घरबसल्या काय मिळतं

बऱ्याच कॉलेजांनी एन-लिस्टची (ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या सेवेची) वर्गणी भरलेली असते आणि विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताही नसतो. ग्रंथपालांकडे नाव आणि ईमेल नोंदवा. लॉगिनची मेल आली नाही तर स्पॅममध्ये बघा. हे सत्राच्या सुरुवातीलाच उरका. सबमिशनच्या आठवड्यात गेलात तर काउंटरवर रांग असणार.

शोधगंगा हा पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह सर्वांना मोफत आहे. तिथे प्रबंध प्रकरणवार फायलींत असतो. सगळा उतरवू नका. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण आणि संदर्भसूची या दोन फायली पुरे, तुमची निम्मी वाचनयादी तिथेच तयार होते. मजकूर उचलण्याचा मोह मात्र टाळा, तपासणीत तो पकडला जातो.

जुन्या सरकारी अहवालांसाठी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा डिजिटल संग्रह पाहा. मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमाती कायद्याचा अंमल कसा चालला याचे वार्षिक अहवाल छापले जात. तुमच्या विषयाचा कणा तेच. त्यापुढचे मूळ कागद लागले तर मुंबईचं राज्य पुराभिलेखागार. तिथे जाताना कॉलेजचं पत्र न्या. स्थानिक वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात विचारून पाहा.

वाचताना घ्यायची काळजी

1884 चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) म्हणजे मुंबई गॅझेटियरचा 20 वा खंड. त्यात जातींची वर्णनं आहेत: कोण कष्टाळू, कोण अस्वच्छ, कोण भांडखोर. ती त्या जातीची माहिती म्हणून उतरवलीत तर प्रकल्प वंशवादाचा अभ्यास राहणार नाही, त्याची नक्कल होईल. लिहिणारा कोण, कुणाच्या सांगण्यावरून लिहितो, हे दर वेळी शेजारी टिपा. दुसऱ्या बाजूला भटक्या-विमुक्तांसाठी 2006 साली नेमलेल्या रेणके आयोगाचा 2008 चा अहवाल ठेवा आणि विमुक्तांनी स्वतः लिहिलेली आत्मकथनं वाचा; ती 364 मध्ये मिळणार नाहीत, मराठी साहित्याच्या कपाटात मिळतील.

आकड्यांत दोन खड्डे आहेत. जनगणनेत सगळ्या जातींचे तपशीलवार छापील आकडे 1931 पर्यंतचेच. त्यानंतरचा आकडा कुणी ठोकून दिला तर तो आला कुठून ते विचारा. दुसरा खड्डा सीमेवरचा. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. सोलापूरहून विजापूर तासा-दोन तासांवर, पण तिथला तक्ता इकडच्या तक्त्याला जोडला की बेरीज चुकलीच.

अपमानास्पद जुने शब्द अवतरणात आणि सालासह द्या. जुन्या नोंदींत सेटलमेंटमधल्या माणसांची नावं असतील तर ती प्रकल्पात छापू नका. त्यांची नातवंडं याच शहरात राहतात.

टिपणाच्या प्रत्येक कागदावर लेखक, साल, पान आणि वर्गांक त्याच वेळी लिहा. गॅझेटियरची ऑनलाइन प्रत वापरत असाल तर पान क्रमांक छापील प्रतीशी ताडून पाहा. नव्याने टाइप केलेल्या मजकुरात मूळ पानं राहत नाहीत आणि परीक्षक नेमकं तेच पान उघडायला सांगतात.