कमरेच्या एमआरआयमध्ये ‘त्वचेखाली सूज’ लिहून आली तर

मी रेडिओलॉजिस्ट. ‘सबक्युटेनियस इडिमा’ (त्वचेखालची सूज) ही ओळ मी कमरेच्या कितीतरी रिपोर्टांत लिहिते, आणि पेशंट गादी सरकल्याचं सोडून नेमकं तिच्यावर बोट ठेवतात.

आधी योग्य प्लेट शोधा. एमआरआयमध्ये एकाच जागेच्या वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमा घेतात; टी १, टी २ ही त्यांची नावं. साध्या टी २ वर चरबी पांढरी आणि पाणीही पांढरं, त्यामुळे सूज त्यातच हरवते. ‘स्टर’ (STIR) किंवा ‘फॅट सॅट’ या चरबीचा सिग्नल दाबणाऱ्या प्लेटवर चरबी काळी पडते, पाणी तेवढं चमकतं. टी १ वर पांढऱ्या चरबीत त्याच पाण्याच्या करड्या रेघा दिसतात. टी १ वर काहीच नसेल तर मी आधी मशीनवर संशय घेते. पाठीखालच्या कॉइलजवळ (सिग्नल पकडणारा भाग) सिग्नल मुळातच जास्त असतो. चरबी नीट दबली नाही की पांढरा पट्टा उमटतोच.

मग जागा बघा. माझा निम्मा निर्णय इथेच होतो. त्वचा आणि स्नायूंवरचा पडदा (फॅशिया) यांच्यामध्ये, साधारण एल ३ ते एस १ (कमरेचा तिसरा मणका ते माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीचा पहिला) च्या मागे, दोन्ही बाजूंना सारखीच पसरलेली, कडा पुसट: अशी सूज बहुधा खाली उतरून साचलेलं पाणी असतं. वजन जास्त असलेल्यांत, वयस्करांत, बराच काळ उताणं पडून असलेल्यांत ती नेहमीची. कंबरदुखीचं खापर तिच्यावर फोडू नका. मात्र पावलांवर बोट दाबून खड्डा पडत असेल, धाप लागत असेल, तर हृदय आणि मूत्रपिंडं तपासायला हवीत.

सूज एकाच बाजूला असेल, पडद्याच्या आत स्नायूंत शिरली असेल, किंवा गादी आणि लगतचे मणकेही चमकत असतील, तर मी थांबते. ताप असेल तर जंतुसंसर्ग धरूनच चालते. गॅडोलिनियम (शिरेतून देायचं कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर कडेनं उजळणारी पोकळी म्हणजे बहुधा पू. ऑपरेशननंतर पाण्याची पिशवी मज्जारज्जूच्या नळीशी जोडलेली दिसली तर मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या गळतीचा विचार करावा लागतो. म्हणून पडणं, कमरेतलं इंजेक्शन, शस्त्रक्रिया, जुना कॅन्सर हे सगळं एमआरआयच्या फॉर्मवर लिहा. (‘कंबर दुखते’ एवढंच लिहिलेले फॉर्म मला सर्वांत जास्त छळतात.)

लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायांतली ताकद गेली, तर रिपोर्ट हातात यायची वाट न बघता तातडीच्या विभागात जा.