ऑटोमॅटिक गाडी बर्फातून अशी काढली

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे, त्यामुळे ते होतेच. तरी रात्रीतून पडलेल्या बर्फात गाडी रुतली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन मलूल! चाक घसरतंय म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल (चाकांची घसरण रोखणारी यंत्रणा) इंजिनची ताकदच कमी करत होता. बटण दाबून तो बंद केला, स्टिअरिंग सरळ केलं, पुढच्या चाकांसमोरचा बर्फ फावड्याने उपसून वाळू टाकली. मग ‘डी’त जरा पुढे, ब्रेक, गाडी पूर्ण थांबल्यावरच ‘आर’मध्ये जरा मागे. इथे घाई केली तर गिअरबॉक्स तापतो. गाडी सुटताच ट्रॅक्शन कंट्रोल परत चालू. पुढच्या उतारावर ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) टाकला, म्हणजे इंजिनच वेग आवरतं आणि ब्रेक हलकाच लागतो. फोर-व्हील ड्राइव्हचं लोकांना भारी कौतुक, पण थांबायला त्याचा काडीचा उपयोग नाही.