लिनक्सची फोल्डर-मांडणी दुरुस्त करताना या चुका टाळा

सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यातून सकाळी सकाळी फोन. "सर, एलएस टाकलं तरी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणतंय. डिस्क गेली का?"

एलएस म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी कमांड. डिस्क ठणठणीत होती. आदल्या संध्याकाळी कुणीतरी लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर टारने (फाइलींचा गठ्ठा बांधणारा-सोडणारा प्रोग्रॅम) थेट रूटमध्ये, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी असलेल्या '/' मध्ये उलगडला होता.

आधी मांडणी समजून घ्या. (कमांडी इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.) आजच्या डेबियनमध्ये (लिनक्सचाच एक प्रकार) /बिन, /एसबिन (प्रोग्रॅम) आणि /लिब (त्यांना लागणाऱ्या सामाईक फाइली) ही फोल्डरं नाहीतच, नुसत्या सिमलिंक आहेत. मेन रोडवर बंद शटरला 'दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे' अशी पाटी असते ना, तसं. खरा माल /यूएसआरच्या आत. फेडोरा या दुसऱ्या प्रकाराने हे २०१२ मध्ये, सतराव्या आवृत्तीत केलं. डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत सक्तीचं केलं, आणि जुन्या मशीनवर हे स्थलांतर करून देणारं टूल म्हणजे यूएसआरमर्ज.

टारची खोड अशी, की संग्रहात 'लिब' नावाचं फोल्डर असेल आणि त्या जागी सिमलिंक दिसली, तर तो आधी सिमलिंक उडवतो आणि खरं फोल्डर बनवतो. पाटी गेली, जागी रिकामा गाळा. म्हणून रूटमध्ये काहीही उलगडताना '--कीप-डिरेक्टरी-सिमलिंक' द्यायचंच. फाइली कॉपी करणारा आरसिंकही असंच करतो, तिथे कॅपिटल 'के'चा पर्याय आहे.

फोनवर मी पहिलं वाक्य बोललो ते, "मशीन रीस्टार्ट करू नका, उघडं टर्मिनल बंद करू नका." ते टर्मिनल रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचं होतं म्हणून वाचलो, कारण अशा वेळी ते अधिकार मिळवून देणारं सुडोसुद्धा चालू होत नाही. एलएस जागेवरच होतं. सापडत नव्हता तो लोडर, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम सुरू करून देणारी फाइल, जिचा रस्ता /लिबमधून जातो. मग लोडरलाच पूर्ण पत्त्याने हाक मारायची:

/यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ /यूएसआर/बिन/एमव्ही /लिब /लिब.खराब

एमव्हीने बिघडलेलं /लिब बाजूला हलवलं. त्याच पद्धतीने पुढे सिमलिंक परत बनवणारं '/यूएसआर/बिन/एलएन -एस यूएसआर/लिब /लिब'. दोन ओळी, आणि एलएसने यादी दाखवली. पलीकडून "आलं, आलं!" ऐकू आलं.

दुसऱ्या ओळीत 'यूएसआर/लिब' आहे, पुढे स्लॅश नाही, हे बघून ठेवा. घाईत स्लॅश लागतोच. चालू मशीनवर फरक कळत नाही, पण उद्या हीच डिस्क पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सखाली जोडलीत, की ती सिमलिंक पेन ड्राइव्हच्याच /यूएसआरकडे बोट दाखवते.

आता खुद्द यूएसआरमर्ज टूलच्या बाबतीतल्या चुका. एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली /लिब आणि /यूएसआर/लिब या दोन्हीकडे सापडल्या, की यूएसआरमर्ज थांबतं आणि कुठली फाइल ते सांगतं. लोक इथे चिडून उरलेलं काम एमव्हीने हातानेच उरकायला जातात. नका. संदेशातली ती फाइल बघा, कुठल्या पॅकेजची आहे ते डीपीकेजी -एसने (डीपीकेजी म्हणजे डेबियनच्या पॅकेजांची नोंदवही; इथे एस कॅपिटल) शोधा, नको ती बाजूला करा आणि /यूएसआर/लिब/यूएसआरमर्ज/कन्व्हर्ट-यूएसआरमर्ज पुन्हा चालवा. तक्रार न करता पूर्ण होईपर्यंत हवं तितक्या वेळा. मधल्या काळात एपीटीला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या-अपडेट करणाऱ्या कमांडला हात लावायचा नाही. अर्धवट मांडणीवर अपडेट म्हणजे गुंता दुप्पट.

परतीचा रस्ता टूलमध्ये नाही, म्हणून आधी बॅकअप. आणि पावसाळ्यात यूपीएसशिवाय हा उद्योग करू नये, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

कधी कधी बिघाड नसतोच. डेबियन बारावर 'डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/एलएस' विचारलं तर असा पत्ताच नाही म्हणतं, /बिन/एलएस विचारलं तर कोअरयूटिल्स हे पॅकेज सांगतं. तेराव्या आवृत्तीत नेमकं उलटं. नोंदवहीत जो पत्ता लिहिलाय तोच तिला ठाऊक, एवढंच. यावर दुरुस्ती करायला बसू नका.

कारखान्यातलं /लिब.खराब उघडलं तर आत ड्रायव्हरच्या मोजक्या फाइली होत्या. त्या /यूएसआर/लिबमध्ये हलवल्या आणि दुपारच्या पाळीला लेबलं छापायला सुरुवात झाली.