एएच आणि एचव्ही मोजताना

साध्या ईसीजीवर पीआर (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यापर्यंत विजेचा संदेश पोहोचायला लागणारा वेळ) लांबलेला दिसतो, पण अडथळा एव्ही नोडमध्ये (दोन कप्प्यांमधल्या विजेच्या थांब्यात) आहे की त्याच्या खाली, ते कळत नाही. हिस बंडल म्हणजे नोडखालची विजेची वाट; तिचा सिग्नल मिळाला की पीआरची फोड एएच (नोडमधला वेळ) आणि एचव्ही (हिसपासून खालच्या कप्प्यापर्यंतचा वेळ) अशी करता येते. ईपी स्टडीचा (हृदयाच्या आतून केलेल्या विद्युत तपासणीचा) पाया हाच.

जांघेतल्या शिरेतून चार इलेक्ट्रोडांचा कॅथेटर ट्रायकस्पिड झडपेपलीकडे खालच्या कप्प्यात न्या. मग घड्याळाच्या दिशेने हलकासा पीळ देत सावकाश मागे घ्या. ए (वरच्या कप्प्याचा सिग्नल) आणि व्ही (खालच्या कप्प्याचा) यांच्या मध्ये बारीक, टोकदार एच (हिसचा) उमटेल. फिल्टर ३० ते ५०० हर्ट्झ, वेग सेकंदाला किमान १०० मिमी. ईसीजीच्या नेहमीच्या सेकंदाला २५ मिमी वेगावर कॅलिपर (अंतर मोजायच्या खुणा) लावण्यात अर्थ नाही. डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हिसच्या डाव्या फांदीत अडथळा) असेल तर हात फारच हलका हवा. उजव्या बंडलला धक्का बसला की पूर्ण हार्ट ब्लॉक होतो, म्हणून पेसिंगची (विजेने कृत्रिम ठोके देण्याची) तयारी आधीच ठेवा.

एएच हिसच्या चॅनेलवरच मोजा: ए च्या पहिल्या वेगवान वळणापासून एच च्या सुरुवातीपर्यंत. साधारण ५० ते १२० मिलिसेकंद. झोपेचं औषध, भीती, अ‍ॅट्रोपिन यांनी हा आकडा हलतो, त्यामुळे एकट्या एएचवर फार विसंबू नये.

एचव्ही तसा हलत नाही. नॉर्मल ३५ ते ५५ मिलिसेकंद. नेहमीची चूक म्हणजे हिस चॅनेलवरच्याच व्ही पर्यंत मोजणं. बाराही लीड पाहा आणि जिथे व्ही सर्वांत आधी सुरू होतो, तिथे कॅलिपर टेकवा. आकडा ३० च्या खाली आला आणि ए जेमतेम दिसत असेल, तर तो एच नसून उजव्या बंडलचा सिग्नल आहे; कॅथेटर थोडा मागे घ्या. ए भरपूर मोठा असूनही एचव्ही आखूडच राहिला, तर डेल्टा वेव्ह (नोडला वळसा घालणाऱ्या जादा वाटेची ईसीजीवरची खूण) शोधा. बेशुद्धीचे झटके, बायफॅसिक्युलर ब्लॉक (हिसखालच्या तीनपैकी दोन वाटांत अडथळा) आणि ७० किंवा अधिक एचव्ही, असं एकत्र आलं तर पेसमेकरचा निर्णय होतो.

आता वरच्या कप्प्यातून पेसिंग: थ्रेशोल्डच्या (ठोका पडायला लागणाऱ्या किमान करंटच्या) दुप्पट, पल्स २ मिलिसेकंद. ६०० मिलिसेकंदांच्या अंतराने आठ ठोके, मग एस-टू (वेळेआधी दिलेला जादा ठोका). तो दर खेपेला १० ने अलीकडे आणा. एएच हळूहळू लांबत जाणं हा नोडचा स्वभाव. एका १० च्या पायरीत तो ५० किंवा जास्त उडाला, तर नोडमध्ये दोन वाटा आहेत. ए आला पण एच नाही, तर नोड थकला. एस-टूनंतर ए च नसेल, तर आधी कॅप्चर (पेसिंगला कप्पा खरंच प्रतिसाद देतोय का ते) तपासा.