अल्ट्रासाऊंड थेरपी देताना या चुका टाळा

आमच्या लातूरकडे पेशंट अल्ट्रासाऊंडच्या लहरींनी दुखणं कमी करणाऱ्या या मशीनला ‘शेकाचं मशीन’ म्हणतात. म्हणोत बिचारे. पण फिजिओथेरपी शिकणारी पोरंही ते शेकाच्या पिशवीसारखंच वापरतात. हेड, म्हणजे लहरी सोडणारा हातातला भाग, दुखऱ्या जागेवर टेकवायचं आणि दुसऱ्या हातात मोबाईल! या चुकीची मला भयंकर चीड आहे. अल्ट्रासाऊंडचा झोत सगळीकडे सारखा नसतो. मधेच एखाद्या ठिपक्यावर तो सरासरीच्या पाच-सहापट असू शकतो. म्हणून हेड सावकाश, पण सतत फिरवायचं. थांबलं की तेवढीच जागा भाजते, त्यातून हाडावर असेल तर बघायलाच नको.

माझ्याकडे एका पोरानं गेवराईकडच्या काकांच्या घोट्यावर हेड असंच धरून ठेवलं होतं. जन्म ऊसतोडीत गेलेला माणूस, जुनी शुगर. मी विचारलं, “काका, चटका बसतोय का?”

“काहीच कळंना बघा. जरा वाढवा म्हणलं, तर वाढवलं पोरानं.”

दीडचे दोन वॅट! पायाला जाणीवच नाही, तर कळणार काय? दुसऱ्या दिवशी टपोरा फोड. तो भरेपर्यंत दीड महिना ड्रेसिंग केलं, खर्च माझा. तेव्हापासून माझ्याकडे दोन परीक्षानळ्या असतात, एकीत गरम पाणी, दुसरीत गार. डोळे मिटून फरक सांगता आला नाही, तर मशीन लावायचंच नाही. ‘मॅडम, यात वेळ जातो’ म्हणणाऱ्यानं दुसरा धंदा बघावा.

‘वाढवा’ म्हटलं की वाढवू नका. हलकी ऊब पुरे, पल्स्डमध्ये, म्हणजे लहरी थांबून-थांबून सोडताना, तर तीही जाणवत नाही. आत हाड ठणकलं तर लगेच कमी करा. काल मुरगळलेल्या पायाला कंटिन्युअस, म्हणजे सलग लहरी, नको.

लहरींची वारंवारता खोल स्नायूला १ मेगाहर्ट्झ, वरवरच्या दुखण्याला ३.

हेड आणि त्वचेच्या मधे लावायच्या जेलमध्ये काटकसर नको. मधे हवा राहिली की लहरी तिथूनच माघारी फिरतात.

पाच मिनिटांत अख्खी पाठ उरकणं म्हणजे नुसती जेलची मालिश. हेडच्या दोन-तीनपट जागा घ्या, बस्स.

गरोदर बाईचं पोट-कंबर, कॅन्सरची गाठ, डोळे, शिरेत रक्ताची गुठळी झालेला पाय: इथे हात लावायचा नाही.

आणि मशीन खरंच चालतंय का, हे कुणी बघतच नाही. दिवा लागला म्हणजे झालं! मी सकाळी हेड उताणं धरून, कडेला टेपचा बांध घालून थोडं पाणी ओतते आणि क्षणभर चालू करते. पाणी थरथरलं नाही तर मेकॅनिकला फोन. थरथरलं तरी वॅट बरोबर आहेत की नाही ते यातून कळत नाही, त्यासाठी वर्षातून एकदा कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची तपासणी, करून घेते.