निथळलेल्या पाण्याचा ईसी मोजताना

कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) टोमॅटो लावलाय, पानांच्या कडा करपल्यात, तर आणखी खत घालण्याआधी कुंडीखालून निथळणाऱ्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत याचं माप) मोजा. बशीत साचलेलं जुनं पाणी मात्र अजिबात नको! ते आटून घट्ट झालेलं असतं, कडेला क्षारांचा पांढरा थर दिसतोच; मीटर उगाच जास्त आकडा दाखवतो. कुंडी दोन विटांवर ठेवा, खाली स्वच्छ धुतलेली वाटी. ओतलेल्या पाण्याचा साधारण दहावा भाग निथळला की मोजा. दिलेल्या पाण्याचा ईसी २.० (mS/cm) आणि निथळलेल्याचा ३.५ भरला, तर क्षार साचताहेत. पुढची एक-दोन पाणी सौम्य, म्हणजे कमी खताची द्या, भरपूर निथळू द्या. आणि नोंद ईसीतच ठेवा. पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) तेच २.० एका मीटरवर १०००, दुसऱ्यावर १४०० दिसतं, कारण प्रत्येक मीटरचा गुणक वेगळा असू शकतो.