घरचे जुने फोटो-कागद मुलांना घेऊन कसे लावावेत

हे काम दोन ऋतूंत वाटून घ्यावे. पेटीतले फोटो-कागद काढणे आणि स्कॅन करणे डिसेंबर ते मे. नावे विचारणे चतुर्थीला, मूळ घरी सगळे जमतात तेव्हा, पण झेरॉक्स समोर ठेवून. गोव्याच्या पावसात मूळ फोटो उघडे राहिले तर ओल धरून एकमेकांना चिकटतात, दोन-तीन दिवसांत बुरशीही येते.

पेटी उघडली की आधी सगळे जसेच्या तसे मोबाईलवर टिपा. मुले लगेच ‘लग्नाचे वेगळे, जत्रेचे वेगळे’ करायला धावतात, त्यांना थांबवा. कुठला फोटो कुठल्या पाकिटात, कुठल्या नाटकाच्या हँडबिलासोबत होता, यावरूनच पुष्कळदा साल कळते.

एका बैठकीत दहाच फोटो घ्या. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, फोटो कडेने धरावा. प्रत्येकाला कागदी पाकीट. क्रमांक पाकिटावर, फोटो आत घालण्याआधी, पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. टाचण्या, स्टेपल काढाव्यात, खाऱ्या हवेत त्या गंजून कागद खातात. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको: ते परत काढता येत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट त्याचा फोटो काढा. बुरशी दिसली तर ते पाकीट मोठ्यांनी बाजूला ठेवावे, मुलांना पुसायला देऊ नये.

छोटे फोटो 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, मागची बाजूही. फाईलचे नाव म्हणजे पाकिटावरचाच क्रमांक. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर फोटोचा दर्जा उतरतो.

खरा ऐवज आहे तो नावांत, आणि तिथे मुलांचा उपयोग सर्वांत जास्त. झेरॉक्सवर त्यांनी प्रत्येक डोक्यावर आकडा घालावा आणि आजीला एकेक विचारावे. नुसते ‘आजी’ लिहून भागत नाही. पन्नास वर्षांनी ती कुणाची आजी ते कोण सांगणार? पूर्ण नाव, माहेरचे नाव, गाव, वाडा (गावातली वस्ती) लिहा. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह, आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख. आजी कोकणीत सांगत असेल तर तिचे शब्द कोकणीतच उतरवावेत. धालोची (गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याची) गाणी रेकॉर्ड करायची असतील तर आधी तिची परवानगी घ्या, पंखा बंद करा, आणि सुरुवातीला नाव, गाव, तारीख मुलाने मोठ्याने बोलावी.

पोर्तुगीज किंवा मोडीतले कागद निरुपयोगी समजून टाकू नका, त्यांत जमिनीचा व्यवहार असू शकतो. पणजीच्या पुराभिलेख खात्यात अशा लिपी-भाषांतली दप्तरे आहेत. खात्याची सुरुवात 1595 सालची. कुणाकडून वाचून घ्यायचे तर स्कॅनची प्रत न्यावी, मूळ कागद घरीच ठेवावा. पाकिटे पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वीतभर उंच, बाहेरच्या भिंतीपासून दूर. प्लास्टिकच्या पिशवीत नकोत, आत ओल कोंडते. पावसाळा सरला की वाळवी, कसर लागली का ते पाहून घ्यावे.